चौकशी आपल्या दारापर्यंत येते तेव्हा : इडिपस, धृतराष्ट्र आणि न पाहण्याचे प्रकार

 

ग्रीक शोकांतिकेतलं आंधळेपण आणि ज्ञान हा आजचा विषय. तो निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : ज्याला डोळे आहेत त्याला दिसत नाही, आणि ज्याला डोळे नाहीत त्याला सगळं दिसतं. राजा इडिपस डोळस, पण आंधळा. भविष्यवेत्ता टायरेसियस आंधळा, पण डोळस. शेवटी इडिपस स्वतःचे डोळे फोडतो आणि त्याला खरी दृष्टी येते. झालं नाटक! वर्षानुवर्षं मी उत्तरपत्रिकांत हे वाचत आलो. ऐकायला ते गोड लागतं, लक्षात राहतं, दहापैकी सात गुणही मिळवून देतं.

माझं म्हणणं असं की हे वाक्य नाटकाला न्याय देत नाही. आणि ज्या माणसांना खरोखर दिसत नाही त्यांनाही देत नाही. शिवाय ते आपल्याला, डोळे असलेल्यांना, एक पळवाट काढून देतं. ती कोणती, ते शेवटाकडे सांगेन.

आधी आपल्या भाषेकडे बघू. मराठीत 'दिसणं' वेगळं आणि 'पाहणं' वेगळं. 'मला रस्ता दिसतो' यात मी काहीच करत नाही, डोळे उघडे असले की झालं. 'मी रस्ता पाहतो' यात मी काहीतरी करतो. म्हणून तलाठ्याच्या दप्तरात पीकपाहणी असते, 'पीकदिसणी' नसते. पाहणं ही कृती आहे. ती करता येते, टाळता येते, अर्धवट सोडताही येते. अर्धवट सोडण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : डोळेझाक. आंधळ्या माणसाला डोळेझाक करता येत नाही, बरं का. त्यासाठी आधी डोळे लागतात, नाहीतर निदान कान तरी लागतात.

ग्रीक भाषेत याहून मजेची गोष्ट आहे. 'मला माहीत आहे' याला ग्रीकमध्ये 'ओइदा' म्हणतात. हे रूप मूळ 'पाहणे' या धातूचं, भूतकाळाच्या वळणाचं. म्हणजे 'मी पाहिलेलं आहे, म्हणून मला माहीत आहे'. आपल्या संस्कृतमधला 'वेद', म्हणजे 'तो जाणतो', हे त्याचंच सख्खं भावंड. दोन्ही एकाच मुळातून आलेले. आणि आपण तत्त्वज्ञानाला काय म्हणतो? दर्शन. तेव्हा पाहणं आणि जाणणं यांची सांगड दोन्हीकडे जुनी आहे. इडिपसच्या नावाचा अर्थ 'सुजलेल्या पायाचा', पण ग्रीक कानाला त्या नावात हा 'ओइदा'ही ऐकू येतो. जाणणारा, आणि पाय अधू असलेला. पु. ल. देशपांड्यांनी हे नाटक मराठीत आणलं तेव्हा 'राजा ओयदिपौस' असं मूळ उच्चाराजवळचं नाव ठेवलं. मी मात्र आपल्या तोंडात बसलेलं इडिपसच म्हणतो.

आता नाटक. गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण सगळं तिच्या क्रमात आहे.

थीब्ज नगरात साथ आली आहे. अथेन्समध्ये खरोखरीची भयंकर साथ इ. स. पू. ४३० मध्ये आली होती आणि बहुतेक अभ्यासक हे नाटक तिच्यानंतरच्या काही वर्षांत ठेवतात. म्हणजे समोर बसलेल्या लोकांनी आपल्या घरातली माणसं नुकतीच पुरली होती. लोक राजाकडे येतात. राजाने आधीच मेहुण्याला, क्रेऑनला, डेल्फीच्या देवळात कौल घ्यायला पाठवलेलं असतं. कौल येतो : आधीचा राजा लायस याचा खुनी याच नगरात आहे, त्याला बाहेर काढा. इडिपस लगेच जाहीर करतो की मी त्याला शोधणार. खुन्याला शाप देतो आणि वर म्हणतो की तो माझ्या घरात निघाला तरी शाप लागू.

प्रेक्षकांना हे सगळं आधीपासून ठाऊक आहे. हा बापाला मारून आईशी लग्न केलेला माणूस आहे, हे अथेन्समधल्या पोरासोरांना माहीत होतं. आपल्याला हे समजायला जड नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार या उत्सुकतेने कोणी आलं नव्हतं. गोष्ट माहीत असलेला प्रेक्षक 'काय होणार' हे बघत नाही, 'हा माणूस तिथवर कसा पोचतो' हे बघतो. शोकांतिका अशाच प्रेक्षकासाठी लिहिलेली असते.

तर इडिपस तिथवर कसा पोचतो? माझा सगळा मुद्दा यातच आहे. या नाटकात सत्य आधी कळलेली तीन माणसं आहेत आणि तिघंही त्याला सांगतात : थांब.

पहिला टायरेसियस. त्याला सगळं माहीत आहे. बोलावल्यावर येतो, पण म्हणतो, मला घरी जाऊ दे, तुझं ओझं तू उचल, माझं मी उचलतो. बोलायला नकार देतो. इडिपस चिडतो, त्याच्यावरच कटाचा आरोप करतो. तेव्हा तो रागाच्या भरात सांगून टाकतो की खुनी तूच.

दुसरी योकास्टा, राणी. कॉरिंथहून निरोप्या येतो आणि बोलण्याच्या ओघात सांगून जातो की इडिपस हा कॉरिंथच्या राजाचा मुलगा नव्हे, किथेरॉनच्या डोंगरात सापडलेलं पोर आहे. हे ऐकताना योकास्टाला इडिपसच्या आधी उलगडतं. ती काकुळतीला येते : पुढं विचारू नकोस. आणि आत निघून जाते.

तिसरा म्हातारा गुराखी. ज्याच्या हातात ते तान्हं मूल मारायला दिलं होतं आणि ज्याला दया आली, तो. त्याला बोलायचं भय वाटतं, तो गयावया करतो. इडिपसलाही आता ऐकायचं भय वाटू लागलेलं आहे. पण तो प्रश्न सोडत नाही. मूल कोणाचं? कोणी दिलं? का दिलं?

बघा, चौकशी सुरू झाली तेव्हा ती दुसऱ्याबद्दल होती. मधे कुठेतरी ती वळली. योकास्टाने सहज सांगितलं की लायस तीन वाटा मिळतात तिथं मारला गेला, आणि इडिपसला तो चौक आठवला. तिथून पुढचा प्रत्येक प्रश्न त्याच्याच दाराशी येत होता. आणि त्याला ते कळत होतं. थांबायची सोय पावलोपावली होती. तो राजा होता, त्याला कोण विचारणार होतं? खुनाचा जिवंत साक्षीदार एकच, आणि तोही तोंड उघडायला तयार नाही.

अशा माणसाला आपण 'आंधळा' म्हणतो! ज्याला माहीत नव्हतं आणि ज्याने शोधून काढलं, त्याला. तो रागीट आहे, उतावळा आहे, क्रेऑनवर नाही ते आरोप करतो, हे सगळं खरं. पण न पाहण्याचा दोष त्याच्यावर लावता येणार नाही. ई. आर. डॉड्स या अभ्यासकाने १९६६ च्या एका निबंधात बजावलं होतं की इडिपसला कुठल्याशा नैतिक चुकीची शिक्षा मिळते, असं हे नाटक वाचू नका. मी त्याच्याही पुढं एक पाऊल टाकतो. इडिपसचा जो विनाश होतो तो त्याच्या चांगल्या गुणामुळे होतो. तो विचारायचं थांबत नाही, म्हणून.

मग टायरेसियसचं काय? त्याला अंतर्ज्ञान होतं ना? होतं. त्याचा उपयोग काय झाला, हा माझा साधा प्रश्न आहे. इडिपस रागात त्याला एक टोमणा मारतो, त्यात तथ्य आहे : स्फिंक्स राक्षसीण कोडं घालून माणसं मारत होती, तेव्हा तुझी विद्या कुठं गेली होती? ते कोडं बाहेरून आलेल्या एका परक्याने निव्वळ बुद्धीवर सोडवलं. टायरेसियसला सत्य मिळालेलं आहे, ते देवाकडून. त्याने ते शोधलेलं नाही. म्हणून तो ते दुसऱ्याला देऊही शकत नाही. तो सांगतो तेव्हा कोणाला पटत नाही. इडिपसला नाही आणि नगरातल्या वृद्धांच्या वृंदालाही नाही. तेच सत्य शेवटी सगळ्यांना पटतं ते निरोप्या, गुराखी, पायावरचे व्रण, तीन वाटांचा चौक या साध्या पुराव्यांनी.

सांख्यांकडे एक दृष्टांत आहे, पंगू आणि अंध यांचा. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत तो येतो. लंगड्याला दिसतं पण चालता येत नाही, आंधळ्याला चालता येतं पण दिसत नाही. दोघं एकत्र आले तर वाट सरते. टायरेसियस हा या अर्थाने पंगू आहे. त्याचं ज्ञान जागचं हलत नाही. इडिपस चालणारा आहे, पाय सुजलेले असूनही.

आता डोळे फोडण्याकडे येऊ. योकास्टा गळफास घेते. तिच्या वस्त्राचे सोन्याचे आकडे काढून इडिपस ते आपल्या डोळ्यांत खुपसतो. आपलं लाडकं वाक्य म्हणतं, इथं त्याला दृष्टी आली. पण दृष्टी आधीच आलेली आहे! डोळे शाबूत असताना, दिवसाउजेडी, भर लोकांत. डोळे गेले ते कळल्यानंतर, कळण्यासाठी नव्हे. आणि त्याने स्वतः दिलेलं कारण बघा. मी मेल्यावर खाली मृतांच्या लोकात जाईन, तिथं आईबापांकडे कोणत्या डोळ्यांनी बघू? माझ्या पोटच्या पोरांचे चेहरे कसे बघू? ही शरमेची भाषा आहे. ज्ञानी माणसाच्या शांतीचा तिथं मागमूस नाही. अपोलोने हे सगळं घडवलं असं तो म्हणतो, पण डोळ्यांवरचा घाव माझ्या हाताचा, असंही म्हणतो. नशिबाच्या पसाऱ्यात एवढी एक गोष्ट त्याची स्वतःची आहे. आणि आंधळा झाल्यावर तो संत झाला म्हणाल, तर तेही नाही. क्रेऑनला हुकूम सोडणं चालूच आहे. क्रेऑनला त्याला सांगावं लागतं की आता सगळं तुझ्या मनासारखं होणार नाही.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही 'इडिपस ॲट कोलोनस' विसरलात. विसरलो नाही. सोफोक्लीसने ते नव्वदीला टेकल्यावर लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने रंगभूमीवर आणलं. कोलोनस हे कवीचं स्वतःचं गाव. सुरुवातीला आंधळा, थकलेला इडिपस अँटिगनी या मुलीचा हात धरून येतो आणि आपण कुठं आलो असं विचारतो. शेवटी देवाची हाक येते. तेव्हा तो कोणाचाही हात न धरता पुढं चालतो आणि डोळस माणसं त्याच्या मागून जातात. फार मोठा प्रसंग आहे, मी तो लहान करणार नाही. पण याच नाटकात हाच इडिपस आपल्या मुलाला, पॉलिनायसिसला, भयंकर शाप देतो. त्या शापातून पुढं दोघं भाऊ एकमेकांना मारतात आणि अँटिगनीचाही बळी जातो. मग हे ज्ञान कसलं? देवांनी त्याला शेवटी मान दिला, एवढं खरं. वर्षानुवर्षांच्या भटकंतीने त्याला एक गोष्ट नीट मांडता येऊ लागली, की मी जे केलं ते न कळता केलं. हे भोगण्यातून आलं, विचारातून आलं. डोळे नसण्यातून आलं असं नाटक कुठं म्हणत नाही.

ज्यांना अजूनही वाटतं की ग्रीकांच्या मते आंधळा तो ज्ञानी, त्यांनी युरिपिडीसचं 'हेक्युबा' वाचावं. पॉलिमेस्टर हा तिथं सोन्यासाठी विश्वासाने सोपवलेल्या पोराचा खून करणारा राजा आहे. हेक्युबा आणि तिच्या सोबतच्या बायका त्याचे डोळे काढतात, आणि तोही भविष्य सांगू लागतो! डोळे गेले म्हणून तो चांगला झाला का? मुळीच नाही.

मग ग्रीकांना दृष्टी येणं म्हणजे काय वाटत होतं? मला त्याचं सगळ्यांत नेमकं उदाहरण युरिपिडीसच्याच 'बाकाय' नाटकात दिसतं. अगावे ही आई देवाच्या उन्मादात डोंगरावरून परत येते. हातात एक मुंडकं आहे. तिला ते सिंहाचं वाटतं, ती मिरवते आहे. ते तिच्या मुलाचं आहे. तिचा म्हातारा बाप कॅडमस काय करतो? ओरडत नाही, तत्त्वज्ञान सांगत नाही. म्हणतो, आधी आकाशाकडे बघ. ते पूर्वीसारखंच दिसतं की बदललं? मग विचारतो, तुझं लग्न कोणाशी झालं? मूल कोणतं झालं? आणि मग, आता सांग, हातात कोणाचं डोकं आहे? नीट बघ, बघायला वेळ लागत नाही. अशी एकेक पायरी. तिला डोळे होतेच. कोणीतरी शेजारी उभं राहून 'बघ' म्हणण्याची गरज होती. शिक्षकाचं काम याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही.

आता इथून आपल्या घरी येऊ. शोकांतिका हा ग्रीकांचा नाट्यप्रकार, पण आंधळ्या राजाची गोष्ट आपल्याकडेही आहे आणि ती इडिपसशेजारी ठेवल्याशिवाय मला दोन्ही गोष्टी पुऱ्या कळत नाहीत.

धृतराष्ट्र जन्मांध. महाभारत त्याला प्रज्ञाचक्षू म्हणतं, म्हणजे बुद्धी हेच ज्याचे डोळे. तर या प्रज्ञाचक्षू राजाला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. विदुराने सांगितलं, भीष्मांनी सांगितलं, गांधारीने भर सभेत सांगितलं. उद्योगपर्वात त्याला रात्री झोप येत नाही, तो विदुराला बोलावून घेतो आणि रात्रभर नीती ऐकतो. विदुरनीती म्हणून आपण ती स्वतंत्र पुस्तकात वाचतो. ऐकून झाल्यावर म्हणतो, तू म्हणतोस ते पटतं, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते. आणि द्यूतसभेत काय केलं? द्रौपदी पणाला लागली, सभेत कुजबुज झाली, वृद्धांना घाम फुटला, आणि हा बाप हर्षाने पुन्हा पुन्हा विचारत होता : जिंकलं का?

हाही प्रश्नच, मंडळी. इडिपसही प्रश्न विचारतो, धृतराष्ट्रही. एकाचा प्रश्न स्वतःच्या मुळापाशी जातो. दुसऱ्याचा प्रश्न स्वतःच्या फायद्यापाशी संपतो.

पुढं भीष्मपर्वाच्या सुरुवातीला फार मोठी गोष्ट घडते आणि आपण तिच्यावरून घाईने पुढं जातो. व्यास धृतराष्ट्राला विचारतात, युद्ध बघायला तुला दृष्टी देऊ का? जन्मात पहिल्यांदा डोळे मिळत होते. आपल्याकडे म्हण आहे, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. इथं न मागता दोन मिळत होते. आणि धृतराष्ट्र नाही म्हणतो. नातलगांचा वध मला बघवणार नाही, मी ऐकेन. मग ती दिव्यदृष्टी संजयाला मिळते.

जे घडू नये म्हणून एक शब्द त्याने निर्धाराने उच्चारला नाही, ते घडताना त्याला बघायचं नव्हतं. कळल्यावर डोळे फोडणारा इडिपस आणि कळू नये म्हणून डोळे नाकारणारा धृतराष्ट्र. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गीता याच माणसाला सांगितली गेली, हे विसरू नका. अर्जुनाला कृष्णाने सांगितली, पण ते सगळं संजयाच्या तोंडून धृतराष्ट्र ऐकतो आहे. सातशे श्लोकांत धृतराष्ट्राच्या वाट्याला एकच श्लोक, पहिला. माझ्या आणि पांडूच्या मुलांनी काय केलं? ज्ञानेश्वर महाराजांनीही त्या प्रश्नामागचा पुत्रमोह पहिल्या अध्यायातच दाखवून दिला आहे. दरवर्षी माउलींची पालखी आपल्या फलटणला मुक्कामाला येते, त्यामुळे तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको. गीता संपते तेव्हा संजयाच्या अंगावर रोमांच आहेत. आणि धृतराष्ट्र? एक शब्द बोलत नाही. विश्वरूपदर्शन ऐकून एवढाही फरक पडला नाही.

त्याला शेवटी एकदा दृष्टी मिळते. आश्रमवासिकपर्वात व्यास गंगेतून मेलेल्या वीरांना एका रात्रीपुरतं वर आणतात आणि धृतराष्ट्राला दिव्यचक्षू देतात. आपल्या मुलांचे चेहरे तो आयुष्यात पहिल्यांदा बघतो, मेलेले असताना. इडिपसला मृतांच्या लोकात आईबापांना बघायची हिंमत नव्हती, ते आठवा. पहिल्या माणसाला आपण काय केलं ते पूर्ण ठाऊक आहे, म्हणून तो बघू शकत नाही. दुसरा समाधानाने बघतो. मला पहिला माणूस जास्त जागा वाटतो.

आणि गांधारी? तिचं न पाहणं तिने स्वतः निवडलेलं. नवरा आंधळा आहे हे ऐकून तिने डोळ्यांवर पट्टी बांधली. परंपरेने याला पातिव्रत्य म्हटलं. पण व्यासांची गांधारी त्या पट्टीपेक्षा मोठी आहे. स्त्रीपर्वात तिला रणांगण दिव्यदृष्टीने दिसतं. ती एकेका प्रेताकडे, त्याच्यापाशी रडणाऱ्या एकेका सुनेकडे कृष्णाचं लक्ष वेधते. यात कौरवांच्याही बायका आहेत आणि अभिमन्यूची उत्तराही. आपपर न करता ती सगळं बघते आणि मग कृष्णाला शाप देते. सगळ्या महाभारतात युद्धाचा परिणाम असा सलग, मान न वळवता पाहणारी ती एकटी. आयुष्यभर पट्टी बांधलेली बाई!

इरावती कर्व्यांनी १९६७ च्या 'युगान्त'मध्ये गांधारीवर लिहिलं आहे. इरावतीबाईंच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, फलटणला राहिल्या, इथूनच लिहीत राहिल्या. त्यामुळे 'युगान्त' हे आपल्या गावाला तसं घरचंच पुस्तक. इरावतीबाईंनी त्या पट्टीत निव्वळ भक्ती पाहिली नाही. त्यांनी तिथं एका फसवल्या गेलेल्या मुलीचा राग आणि मान पाहिला. आणि अखेरच्या दिवसांत, वनात, धृतराष्ट्र गांधारीला ती पट्टी सोडायला सांगतो, असं त्यांनी कल्पिलं. हे व्यासांचं नाही, इरावतीबाईंचं आहे. एक समीक्षक म्हणून मला ही भर फार मोलाची वाटते. म्हाताऱ्या नवराबायकोत, वणवा पेटायच्या आधी, निदान एकदा खरं बोलणं होतं. कॅडमस अगावेला 'बघ' म्हणतो, तसंच हे. उशिरा का होईना, कोणीतरी म्हटलं.

आता ती पळवाट.

माझ्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. हुशार, जरा फटकळ. टायरेसियसवर चर्चा चालू असताना एका मुलीने भारावून म्हटलं की दृष्टी नसली की अंतर्दृष्टी येते. तो म्हणाला, "सर, मला अंतर्दृष्टी वगैरे काही नाही. मला पाठांतर आहे, कारण वाचून दाखवणारा रोज येत नाही." वर्ग हसला, मग गप्प झाला. त्याचं पुढचं वाक्य जास्त बोचरं होतं. "लोक मला प्रज्ञाचक्षू म्हणतात आणि बसमध्ये जागा देत नाहीत."

मी त्या मुलाचं बोलणं या विषयावरच्या चांगल्या समीक्षेत धरतो. आंधळेपणाला ज्ञानाचं प्रतीक केलं की खऱ्या आंधळ्या माणसाला ब्रेल पुस्तक, वाचनिक, नीट फुटपाथ द्यायची जबाबदारी हलकी होते. त्याला देवाने आतला डोळा दिलाच आहे ना! उलट बाजूने, आंधळेपणाला अज्ञानाचं प्रतीक केलं की तो अपमान होतो. मराठी रंगभूमीवर १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणलं. मोठं नाटक, मोठी घटना. पण त्या शीर्षकातले आंधळे सगळे डोळस आहेत. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, ही म्हणही आपण कारभाऱ्यांबद्दल वापरतो, आणि ते कारभारी चांगले चष्मे लावून बसलेले असतात.

आणि आपली, डोळसांची सोय? आपण म्हणतो, दृष्टी ही आतून येते, कृपेने येते, दुःख भोगल्यावर आपोआप येते. म्हणजे तोवर आपण काही करायला नको! सोफोक्लीसचं नाटक नेमकं हे म्हणू देत नाही. तिथं सत्य येतं ते साक्षीदार बोलावून, उलटतपासणी करून, आठवणी जुळवून. कंटाळवाणं, चिकाटीचं काम. कोणालाही जमेल असं, आणि कोणालाही टाळता येईल असं.

म्हणून न पाहण्याचे प्रकार वेगवेगळे मोजायला शिकू या. एकाला माहीतच नाही, तो शोधतो : तो इडिपस. एकाला माहीत आहे, पण तो सांगायचं टाळतो : तो टायरेसियस. एकीला कळतं आणि ती म्हणते, पुढं विचारू नका : ती योकास्टा. एकाला सगळं सांगून झालं आहे आणि तो विचारतो, जिंकलं का : तो धृतराष्ट्र. यांतल्या फक्त दोघांना शरीराने दिसत नव्हतं, आणि त्याचा त्यांच्या दोषाशी फारसा संबंध नाही.

आपण यांतले कोण, हे दर वेळी वेगळं असतं. दुसऱ्याच्या घरची चौकशी आपल्याला आवडते, गावकीच्या पारावर ती रोज चालते. संस्थेत चौकशी समिती नेमा म्हणणारे आपणच पुढं असतो. ती समिती आपल्या टेबलाशी येते तेव्हा मात्र आपल्यातला गुराखी जागा होतो, जुनं कशाला उकरता म्हणतो. मुलगा बाहेर काय करतो याच्या गोष्टी कानावर येतात आणि घरातला बाप एवढंच विचारतो की टक्के किती पडले. सून का रडते हे सगळ्या घराला ऐकू येतं, आणि कोणी विचारत नाही. यात डोळ्यांचा काही प्रश्न नाही. शेवटचा प्रश्न विचारायचा की नाही, एवढाच आहे.

इडिपसने तो विचारला. त्याची किंमत आपण पाहिली, ती भयंकर आहे. सत्य कळलं की भलं होतं असं आश्वासन सोफोक्लीस देत नाही, आणि मीही देणार नाही. पण राजाने तो प्रश्न विचारला नसता तर नगरातली साथ हटायचा मार्गच नव्हता. मरणारी माणसं दुसऱ्यांची होती, उत्तर त्याच्यापाशी होतं. हस्तिनापुरातही उत्तर राजापाशीच होतं. तिथं प्रश्न विचारला गेला नाही आणि अठरा अक्षौहिणी सैन्य संपलं.

पुढच्या वेळी अँटिगनी घेऊ. त्या मुलीने आंधळ्या बापाचा हात धरला आणि नंतर डोळस राजाला नाही म्हटलं. नाटक आधी वाचून या, मग बोलायला मजा येईल. आता तुमचे प्रश्न असतील तर घेतो. शेवटचा प्रश्नही विचारा.